रीव्याच्या वाटेवर ओतलेलं पाणी

जे लिहायला बसलो आहे ते आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोपाशी नाही. देवापाशीसुद्धा नाही — काशीत देवापाशी एकटं कधी उभं राहता येतं? मागून कुणीतरी ढकलतच असतं. तुमच्यापाशी सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर मी आताही जुनीच गोष्ट सांगितली असती, आणि तुम्ही हळहळून मान हलवली असती.

ती जुनी गोष्ट आमच्या दुर्गाघाटच्या गलीत सगळ्यांना पाठ आहे. एका मोटारवाल्याने अण्णांचं गंगाजल इंजिनात ओतलं आणि वेद उलटसुलट गुंफून म्हणणारा एवढा मोठा घनपाठी मुका झाला — ती गोष्ट. चहात पाणी जास्त पडलं की गलीतल्या बायका म्हणतात, "मोटारवाल्याच्या हातचा दिसतोय!" पोरं घाटावर एकमेकांवर पाणी उडवताना ओरडतात, "इंजिन तापलं, इंजिन तापलं!" त्यांना हे कुठून कळलं? माझ्याकडून. सगळ्यांना माझ्याकडूनच.

थांबा. आधी मी कोण ते सांगायला हवं.

मी राजापुराकडचा. मराठी तिसरीत शाळा सुटली. वडील गेले होते, मामाच्या घरी खाणारी तोंडं फार. काशीला निघालेल्या मंडळींबरोबर मामाने मला लावून दिलं — वळकट्या उचलायला, पाणी भरायला. इथे येऊन मला ताप भरला. मंडळींना पुढे गयेला जायचं होतं. धर्मशाळेच्या ओसरीवर मला घोंगडीत गुंडाळून ते गेले. येताना घेऊन जाऊ म्हणाले. दुसऱ्या वाटेने गेले असतील. नावं कुणाला ठेवू?

त्या ओसरीवरून मला अण्णांनी उचललं. वेदमूर्ती म्हणून त्यांच्या पाया पडायला माणसं दारात उभी राहत, आणि हा माणूस माझ्या उशाशी बसून पेज भरवत होता. काकू — अण्णांची बायको — म्हणाल्या, "अहो, पोराची जात-गोत तरी विचारा." अण्णा म्हणाले, "ताप उतरू दे, मग विचारतो. आत्ता सांगितली तरी तापातली धरायची का?"

मुलगा नव्हता त्यांना. एक मुलगी, यमूताई. मला त्यांनी संध्या शिकवली, रुद्र शिकवायला घेतला. माझ्या डोक्यात शिरेना, तेव्हा हसून म्हणाले, "विसू, तुझं डोकं कोकणातल्या जांभ्या दगडाचं आहे. पाणी मुरतं, पण दिसत नाही." मग मी घरचं करू लागलो. पहाटे बालाजी घाटावरून पाणी आणायचं, पूजेचं काढून ठेवायचं, बाजारहाट, अण्णांची धोतरं. या घरात मला कुणी कधी नोकर म्हटलं नाही. तरी रोज सकाळी जाग आली की पहिली गोष्ट मनात यायची ती हीच — आज माझ्या हातून काही चुकलं आणि यांनी जा म्हटलं, तर मी कुठे जाऊ? ज्याला सगळं कुणीतरी दिलेलं असतं त्याच्या पोटात ही भीती कायम असते. तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर बरंच आहे.

अण्णांचं एक व्रत होतं. गंगेखेरीज दुसरं पाणी तोंडात घालायचं नाही. विहिरीचं नाही, नळाचं नाही. काशीत राहून ते अवघड नव्हतं. आणि काशी ते सहसा सोडत नसत.

मग रीव्याहून तार आली.

यमूताई तिथे दिली होती. जावई संस्थानात पूजेअर्चेच्या कामावर होते. बाळंत झाली, मूल चांगलं आहे, पण तिचा ताप उतरत नाही, लवकर या — एवढंच. काकूंनी तिथेच जमिनीवर बसकण मारली. रेल्वेने जायचं तर लांबचा वळसा, शिवाय त्या दिवशीची गाडी निघून गेलेली. तेवढ्यात कळलं की चौकातल्या एका जरीकापडाच्या शेठची मोटार दुसऱ्या दिवशी पहाटे रीव्याला निघणार आहे. तिथल्या कुठल्या सरदाराच्या घरी लग्न होतं, शालू पोचवायचे होते. शेठ अण्णांना मानत. म्हणाले, महाराज, तुम्ही बसा, गठ्ठे तुमच्या पायाशी बसतील.

म्हणून जेठाच्या त्या उन्हात, लू म्हणतात तो भाजणारा वारा सुटलेला असताना, आम्ही निघालो. अण्णा, मी, आणि मोटार चालवणारा हनीफ.

तेव्हा मी एकोणीस-वीस वर्षांचा. मोटारीत कधी बसलो नव्हतो. पायरीवर पाय ठेवला आणि पुन्हा खाली घेतला, तर अण्णा म्हणाले, "अरे, घोडा नव्हे तो. लाथ मारणार नाही." हनीफ हसला आणि म्हणाला, "महाराज, ई घोड़े से जादा लात मारती है. हैंडल घुमाइए तो पता चले."

हनीफ माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा असेल. गळ्यात लाल गमछा, दात पानाने रंगलेले. मी मागे बसायला गेलो तसा खिशातून एक कांदा काढून माझ्या हातात कोंबला. "जेबी में धर लो भइया, लू ना लगी." अण्णांच्या शेजारी बसताना खिशात कांदा — आमच्या घरात तो येतही नसे. पण टाकला नाही. आत सारून ठेवला.

सामान काय? काकूंनी दुधात भिजवलेल्या दशम्या आणि गूळ बांधून दिला होता, कारण दुधातलं वाटेत चालतं. माझ्या पाण्याची एक सुराही. अण्णांसाठी तांब्याची मोठी कळशी, पहाटे मी स्वतः भरलेली, तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. आणि एक छोटा गडू, तांब्याचा, तोंड जस्ताने बंद केलेला — काशीहून यात्रेकरू नेतात तसा. तो यमूताईसाठी. कशासाठी ते कुणी बोललं नाही. शेवटचं पाणी म्हणून नेत होते, हे मला ठाऊक होतं, काकूंना ठाऊक होतं. अण्णांनी तो उपरण्यात गुंडाळून मांडीवर घेतला आणि दिवसभर खाली ठेवला नाही.

मिर्झापूरला होड्यांच्या पुलावरून गंगा ओलांडली. फळ्या खडखडत होत्या, मी डोळे मिटून घेतले. अण्णांनी हात जोडले. "विसू, आता पुढे ही बाई भेटणार नाही हो. कळशी सांभाळ." असं म्हणाले. कळशी सांभाळ.

पुढे डोंगर चढलो, आणि वर आलो तर — काय सांगू? मी कोकणातला माणूस. आमच्याकडे परसात विहीर, पलीकडे ओढा, त्यापलीकडे खाडी. पाणी संपतं हेच मला माहीत नव्हतं. आणि इथे नजर जाईल तिथवर तांबडी, फुटलेली, दगडाळ जमीन. झाड म्हणून पळसाची खुरटी झुडपं, तीही धुळीने माखलेली. वारा असा की भट्टीचं दार उघडावं. रस्त्यावर दूर पाणी चमकायचं, मी म्हणायचो ते बघा तळं, आणि हनीफ न वळताच म्हणायचा, "भइया, ऊ तो दिन भर आगे-आगे भागेगा." एका ठिकाणी बैलाचा सापळा होता, जू मानेवर तसंच. मी मागे वळून वळून त्याच्याकडे बघत राहिलो.

चढावरच एका धक्क्याने माझी सुराही फुटली. गठ्ठे भिजतील म्हणून हनीफने ओरडून गाडी थांबवली. पण पाणी फटीतून खाली गेलं, जमिनीनेच पिऊन टाकलं. अण्णा म्हणाले, "माझ्यातलं घे."

मी काय म्हटलं? "नको अण्णा, मला तहानच लागत नाही."

हे लक्षात ठेवा. त्यांनी आपणहून देऊ केलं होतं. मी नको म्हटलं — कारण त्यांच्या व्रताचं पाणी मी कसं घेऊ, कारण काकू काय म्हणतील, कारण आधीच एवढं घेतलंय या माणसाकडून. सज्जनपणा म्हणून म्हटलं. खरं तर तोवर माझी जीभ टाळूला चिकटली होती. हनीफच्या मोटारीला बाहेरून किंतानाची छागळ लटकवलेली होती, वाऱ्याने तिच्यातलं पाणी गार होतं. तो थांबून प्यायला, मग माझ्याकडे बघून छागळ पुढे केली आणि लगेच स्वतःच मागे घेतली. "अरे, तुम कैसे पियोगे." हसला नाही. नुसतं म्हणाला.

दुपारी मोटार तापली. पुढून वाफ यायला लागली. हनीफने बरोबरच्या डब्यातलं सगळं पाणी इंजिनात ओतलं. थोडं चाललो, पुन्हा वाफ. मग त्याने छागळ काढली, एक घोटही न घेता ती अख्खी इंजिनात रिकामी केली. म्हणजे इंजिनात पाणी ओतताना मी त्याला पाहिलं, हे खरं. त्याचं स्वतःचं पाणी. त्यावर गाडी जेमतेम पुढच्या वळणापर्यंत गेली आणि उभी राहिली.

दूर झाडांची एक काळसर रेघ दिसत होती. हनीफ म्हणाला, तिथे गाव असणार. डबा घेतला, गमछा डोक्याला गुंडाळला. "महाराज को छाँह में लिटा दो भइया. हम आते हैं." आणि त्या उन्हात चालू लागला.

अण्णांना मी मोटारीच्या सावलीत धाबळी घालून निजवलं. त्यांनी थोडं पाणी घेतलं, मी वरून धरून ओतलं फुलपात्रात. अर्ध्याहून जास्त कळशी शिल्लक होती. त्यांनी उपरण्याचं टोक तोंडावर घेतलं, गडू छातीशी धरला, आणि त्यांना झोप लागली. म्हातारा माणूस, आदल्या दिवसापासून मुलीच्या काळजीने डोळा लागला नव्हता.

मी कळशीपाशी बसलो.

तहान होती. खोटं कशाला सांगू? पण तहान सोसली असती हो. सोसवत नव्हती ती भीती. हनीफ चालत चालत ठिपका झाला, मग दिसेनासा झाला. गेला असेल तर? परत कशाला येईल तो? त्याला काय पडलंय? रात्र झाली तर? या माळावर वाटमारे असतात असं ऐकलं होतं. वर आकाशात घारी की गिधाडं फिरत होती — मला त्यातला फरक कळत नव्हता. काहीतरी पोटात जाईल म्हणून एक दशमी काढली, चावली, तर घास घशात अडकला. खाली जाईना, वर येईना. माझ्या डोळ्यांपुढे तो बैल आला.

मी फडकं सोडलं आणि कळशीला तोंड लावलं.

वरून नाही ओतलं. ओंजळ नाही केली. गुराने लावावं तसं तोंड लावलं, आणि प्यायलो. किती, ते माहीत नाही. घास खाली गेला तेव्हा थांबलो. कळशी खाली ठेवली, आत पाहिलं — पाण्यावर दशमीचा एक तुकडा तरंगत होता. माझ्या तोंडातला.

आता हे तुम्हाला कसं समजावू? तुमच्यापैकी कुणी हसेल. पण मी त्या घरात वाढलो होतो. हाताने शिवलं तर गंगेला विटाळ नाही, हे अण्णाच सांगायचे. पण उष्टं? ज्या माणसाने मला पेज भरवली, त्याला मी माझ्या तोंडातलं, तुकडा पडलेलं पाणी पाजू? त्यांच्या व्रतात माझं उष्टं घालू? मी बोट घालून तुकडा काढायला गेलो, तो फुटून त्याचे दोन झाले. मी अण्णांकडे पाहिलं; ते झोपलेलेच होते. न सांगता पाजलं तर पाप. सांगितलं तर — "मघाशी तर तहान नाही म्हणालास?" एवढंच ते विचारतील. एवढंच. आणि मग काकू, आणि मग गली, आणि मग जा म्हणाले तर.

मी कळशी उचलली, पळसाच्या झुडपामागे गेलो, आणि उरलेलं सगळं पाणी ओतून दिलं.

समजलं ना तुम्हाला? प्यायलो ते थोडं. ओतलं ते पुष्कळ. त्या माळावर, त्या उन्हात, जे एकच माणूस पिणार होता ते पाणी मी उष्टं झालं म्हणून जमिनीत ओतलं. अण्णांना उष्टं पाजण्याच्या पापाची मला भीती वाटली. अण्णा मरतील याची वाटली नाही. तेवढा विचारच पोचला नाही. जमीन क्षणभर काळी झाली, पुन्हा तांबडी झाली. मी फडकं परत बांधलं. नीट, आधीसारखं.

अण्णा जागे झाले आणि म्हणाले, "विसू, पाणी घाल रे."

मी म्हटलं, "अण्णा — हनीफने नेलं. इंजिनात ओतलं. मी नको नको म्हणत होतो."

हे असं तोंडातून आलं. ठरवलं नव्हतं. छागळ ओततानाचा त्याचा हात डोळ्यांपुढे होता, तोच मी पुढे केला. अण्णांनी रिकाम्या फुलपात्राकडे पाहिलं. मग म्हणाले, "असो. त्याला गाडीची काळजी." मी म्हटलं, "गडूचं तोंड फोडू का?" तेवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "तो यमूचा आहे."

मग ते उठून बसले आणि म्हणू लागले — घन म्हणायला लागले, हळू आवाजात, तहान विसरायला. तो पाठ मी रोज पहाटे ऐकत आलो होतो. मला एक अक्षर येत नाही, पण कुठे उतरतो, कुठे चढतो, ते कानाला माहीत आहे. एका जागी ते अडले. मागे गेले, पुन्हा आले, पुन्हा तिथेच अडले. माझ्याकडे बघितलं, जसं काही मी पुढचं सांगणार होतो. त्यांच्या अंगाला घाम नव्हता. एवढ्या उन्हात अंग कोरडं.

हनीफ आला. पळून नव्हता गेला. चेहरा काळाठिक्कर पडलेला, ओठ फुटलेले, हातात भरलेला डबा. आणि बरोबर एक अहीर, म्हणजे तिकडचा गवळी, डोक्यावर पितळी घागर घेतलेला. हनीफ दुरूनच ओरडून सांगत होता, "महाराज, ई अहीर हैं, अपने हाथ से भरे हैं, हम छुए नहीं हैं!"

तो माणूस कोसभर विनवत आणला होता त्याने. अण्णांना चालावं म्हणून.

अण्णा म्हणाले, "हनीफ, इंजन को प्यास लगी थी, ठीक है. पर पूछ तो लेते, बेटा."

"कौन चीज, महाराज?"

"कलसी का पानी."

हनीफने कळशीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्याच्या तोंडावर राग नव्हता, त्याला काही कळतच नव्हतं. "हम तो कलसी के पासे नहीं गए. भइया तो इहाँ रहे. भइया से पूछ लीजिए."

भइया से पूछ लीजिए. त्याने मलाच साक्षीला बोलावलं.

मी म्हटलं, "झूठ मत बोलो. मेरे सामने डाला."

एकदाच म्हटलं. एकदाच पुरलं. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही, अण्णांशीही नाही. खाली मान घालून डबा इंजिनात ओतू लागला. अहीर वैतागला — "अरे, कोस भर घाम में आए हैं, कोई पियेगा कि नाहीं?" अण्णांनी त्याला हात जोडले, व्रत आहे म्हणाले. मग तो माझ्याकडे वळला. अहिराच्या हातचं मला चालत होतं. मी ओंजळ केली आणि प्यायलो. अण्णांच्या समोर, हनीफच्या समोर, पोटभर.

दिवे लागायच्या सुमारास रीवा आलं. वाटभर अण्णांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, तव्यासारखं तापलेलं. जावयांच्या घरी गंगाजल होतं, ते चमच्याने घातलं. सकाळी उजवी बाजू लुळी पडलेली आणि वाचा गेलेली. वैद्य म्हणाले, लू डोक्यात शिरली. कांदा माझ्या खिशात तसाच होता. तो मी न्हाणीघराच्या मोरीत टाकला.

यमूताई वाचली. तिचा ताप आपोआप उतरला. गडू न फोडताच परत काशीला आला.

इथे थांबलो असतो तर भित्रेपणा म्हणून मी स्वतःची समजूत घातली असती. भ्यालो, खोटं बोललो, झालं. पण पुढचं आहे, आणि ते सांगायचं म्हणूनच मी हे सगळं सांगतो आहे.

रेल्वेने आम्ही परत आलो. अण्णा हळूहळू बसायला लागले, बोलायला लागले. पण शब्द वाकडे येत. काकूंना कळत नसत, भेटायला येणाऱ्या यमूताईला कळत नसत. मी रात्रंदिवस त्यांच्यापाशी असायचो, मला कळत. काय हवं ते मीच सगळ्यांना सांगायचो. काकू म्हणायच्या, "विसू नसता तर यांचं काय झालं असतं?" — हे मी रोज ऐकायचो.

एक दिवस शेठ भेटायला आले. जमिनीवर बसले, डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "महाराज, जिसने ये किया उसको मैं आज ही निकालता हूँ. शहर में कोई उसे गाड़ी नहीं देगा, मैं देखता हूँ." अण्णांनी डावा हात वर केला. जोरजोरात हलवला. घशातून आवाज काढू लागले, लाळ गळू लागली. काकूंना वाटलं, त्या माणसाचं नाव ऐकून संताप झालाय. शेठ घाबरून मला म्हणाले, "भइया, क्या कह रहे हैं?"

मला स्पष्ट कळलं होतं. अण्णा म्हणत होते — त्याला ठेवा. बाळबच्च्यांचा आहे. तहान इंजिनालाही लागते. ठेवा त्याला.

ते माझ्याकडे बघत होते. मी बोलावं म्हणून वाट बघत होते, रोज बोलायचो तसं.

हनीफ राहिला असता तर कधीतरी कुणीतरी त्याला नीट विचारलं असतं. एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी शेठला म्हटलं, "कुछ नहीं. तकलीफ हो रही है. आप जाइए."

अण्णांनी हात खाली ठेवला. कुणी त्यांचं ऐकलं नाही असं त्यांना वाटलं असेल. की मला कळलं नाही असं वाटलं? की — नाही. ते मला माहीत नाही, आणि मी ते आपल्या सोयीने ठरवणार नाही.

हनीफची नोकरी त्याच दिवशी गेली. त्यानंतर बरीच वर्षं अण्णा होते. पहाटे उठून पाठ सुरू करायचे, आणि त्याच जागी अडायचे, जिथे माळावर अडले होते. मागे जायचे, पुन्हा यायचे. शेजारच्या खोलीत मी पाणी गाळत असायचो. ती जागा जवळ आली की माझा हात थांबायचा. रोज. मला वाटायचं, आज पुढे जातील. गेले नाहीत.

त्यांनी माझं लग्न लावून दिलं. घराचा एक भाग नावावर केला. या माघात ते गेले, तेव्हा यमूताई रीव्याहून आली होती. कोनाड्यातला तो जुना गडू तिने खाली काढला. मी सुरीने जस्त फोडलं. ती म्हणाली, "विसू, तूच घाल. अण्णांना तुझ्या हातचं आवडतं." मी घातलं. एक घोट गेला, बाकीचं गालावरून खाली आलं. मणिकर्णिकेवर अग्नीही मीच दिला, मुलगा म्हणून.

दिवस झाल्यावर काही सामान आणायला मैदागिनीकडे गेलो होतो, मुंडण केलेल्या डोक्याने. सध्या लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, मोटारी लोकांच्या दारात धूळ खात उभ्या आहेत, आणि रस्त्यात पुन्हा एक्केच एक्के झालेत. हौदापाशी एक एक्केवाला घोड्याला पाणी पाजत होता. दाढी पिकलेली, गळ्यात लाल गमछा. माझ्याकडे बघत राहिला. मग माझ्या डोक्याकडे बघितलं, आणि घोड्याचा लगाम तसाच धरून दोन पावलं पुढे आला.

"भइया," तो म्हणाला. "पंडितजी... पंडितजी चले गए का?"

त्याच्या आवाजात दुसरं काही नव्हतं. मी शोधलं. टोमणा असेल, राग असेल, काहीतरी असेल म्हणून शोधलं. नव्हतं. तो अण्णांची चौकशी करत होता.

मी म्हटलं, "आप किसी और को समझ रहे हैं. मैं आपको नहीं जानता."

तो थबकला. मग कपाळाला हात लावला. "माफ करना, बाबू. आँख कमजोर हो गई है." आणि परत घोड्यापाशी जाऊन उभा राहिला.

हनीफने कळशीला हात लावला नव्हता. पाणी मी प्यायलो, उरलेलं मी ओतलं, आणि त्याला ठेवा असं अण्णा म्हणाले होते. अण्णांना हे सांगता आता येणार नाही. हनीफला सांगता आलं असतं. तो समोर उभा होता, घोड्याचं पाणी पिणं होईपर्यंत.